उत्तर कुठे ठेवायचं? : संगणकावरच्या पहिल्या चर्चांची मांडणी



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस डेटा स्ट्रक्चरवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी प्रोग्रामर नाही. पण डेटा स्ट्रक्चर म्हणजे काय, हे साध्या शब्दांत सांगायचं तर माहिती कुठे ठेवायची, कशाला जोडून ठेवायची आणि नंतर ती कोणत्या वाटेने शोधायची, याचा आधी घेतलेला निर्णय. घरात भांड्यांची मांडणी असते तशी. आता ही माहिती म्हणजे माणसांचं एकमेकांशी बोलणं असेल, तर मांडणीचा प्रश्न एकट्या तंत्रज्ञाचा राहत नाही. कोण बोललं, कोणाला बोललं, ते खोडता येतं का, या गोष्टी त्या मांडणीतच ठरून जातात. म्हणून मी आज इथे उभा आहे.

सुरुवात एका वहीपासून करतो. पस्तीसेक वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात शिकवत होतो. नाव सांगत नाही. विभागाच्या बैठकीचं इतिवृत्त एका जाड वहीत लिहिलं जाई, आपण प्रोसिडिंग बुक म्हणतो ती. एका बैठकीत एका तरुण सहकाऱ्याने एका ठरावाला विरोध केला आणि "माझा विरोध नोंदवा" असं स्पष्ट सांगितलं. पुढच्या बैठकीत वही फिरली, तर तिथे लिहिलेलं : "ठराव सर्वानुमते मंजूर." वही कोणाच्या कपाटात असते हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली.

ही वही लक्षात असू द्या. आता आपण अमेरिकेत जाऊ, इलिनॉय राज्यात, अर्बाना या गावी, १९७३ साली.

तिथल्या विद्यापीठात १९६० पासून डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने संगणकावरून शिकवण्याचा एक प्रयोग चालू होता. त्याचं नाव प्लेटो. 'प्रोग्राम्ड लॉजिक फॉर ऑटोमॅटिक टीचिंग ऑपरेशन्स' या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. (हशा) होय, तत्त्वज्ञानाच्या माणसाला ही संधी सोडवत नाही. पण खऱ्या प्लेटोकडे मी नंतर येतो. एक मोठा मध्यवर्ती संगणक आणि त्याला दूरदूर जोडलेली टर्मिनल्स, अशी ही व्यवस्था. टर्मिनलचा पडदा प्लाझ्माचा, ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा, त्यावर नारिंगी अक्षरं. बोट लावलं की पडद्याला ते कळे. हे पन्नास वर्षांपूर्वी! धडे लिहिण्यासाठी ट्यूटर नावाची सोपी भाषा होती, पॉल टेंझर यांनी १९६७ मध्ये केलेली. शिक्षक आणि विद्यार्थीही तीत धडे लिहीत.

आता इतके लोक एकच यंत्र वापरताहेत म्हटल्यावर तक्रारी आल्याच. अमुक आज्ञा चालत नाही, तमुक धडा बंद पडतो. त्या तक्रारी नोंदवायला एक फाइल सर्वांसाठी उघडी ठेवली होती. जायचं, आपलं म्हणणं टंकायचं, खाली नाव किंवा आद्याक्षरं घालायची. यंत्र चालवणारे ती वाचत आणि तिथेच उत्तर लिहीत.

अडचण तुमच्या लक्षात आली असेल. फाइल उघडी म्हणजे सगळीच उघडी. मी तुमची तक्रार पुसू शकतो, तिच्यातला एखादा शब्द बदलू शकतो, तुमच्या नावाने काहीही लिहू शकतो. सही असते, पण ती सहीसुद्धा टंकलेलीच. त्या फाइलच्या लेखी 'लेखक' अशी गोष्टच अस्तित्वात नव्हती. होता तो अक्षरांचा एक सलग प्रवाह. माझ्या वहीसारखीच गत, फक्त इथे कपाटाची किल्ली प्रत्येकाच्या हातात!

त्या उन्हाळ्यात टेंझर यांनी हे काम एका मुलाला सांगितलं. डेव्हिड वुली त्याचं नाव, वय १७. मूळ कल्पना साधी होती : पडद्याचे दोन भाग करायचे, वर वापरणाऱ्याची तक्रार, खाली कर्मचाऱ्याचं उत्तर. एक प्रश्न, एक उत्तर, संपलं.

बघा, ही रचना सरकारी अर्जाची आहे. अर्जदार वर, साहेबाचा शेरा खाली. तिसऱ्या माणसाला बोलायला जागा नाही. अर्जदाराने शेरा वाचून "अहो, पण माझा प्रश्न वेगळा होता" म्हणायचं ठरवलं, तर त्यालाही जागा नाही. वुलीला दोन गोष्टी खटकल्या : अर्धा पडदा पुरणार नाही, आणि काही प्रश्नांना एकापेक्षा जास्त उत्तरं हवीत. म्हणून त्याने वेगळी मांडणी केली. प्रत्येक नोंद स्वतंत्र. तिला शीर्षक. तिच्यावर तारीख, वेळ आणि लिहिणाऱ्याची ओळख, आणि ही ओळख यंत्र स्वतः लावणार. लिहिणाऱ्याच्या हातात ती नाही. आणि नोंदीच्या मागे उत्तरांची साखळी, एकामागून एक, प्रत्येक उत्तर आपापल्या पडद्यावर. एका नोंदीला जास्तीत जास्त ६३ उत्तरं. ज्यांना संगणकाची सवय आहे त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. ६ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ६३ हाच. ७ ऑगस्ट १९७३ रोजी ही व्यवस्था 'नोट्स' या नावाने सुरू झाली. तीन विभाग होते : जाहीर सूचना, मदत आणि सार्वजनिक नोंदी.

ही मांडणी डोळ्यांसमोर आणा. आपली केसांची फणी असते ना? तिचा कणा आडवा, आणि कण्यातून निघालेले दात. कणा म्हणजे मूळ नोंदींची सूची. वाचणारा आधी सूची बघतो, तिथून एका नोंदीवर जातो, आणि मग 'नेक्स्ट' ही कळ दाबत तिची उत्तरं वाचत जातो. दातावर दात उगवत नाही, म्हणजे उत्तराला वेगळं प्रत्युत्तर जोडता येत नाही. तुम्ही पाचव्या उत्तराला उद्देशून बोललात, तरी तुमचं बोलणं रांगेच्या शेवटी बाराव्या क्रमांकावर बसतं.

ही उणीव म्हणायची की गुण? यंत्राच्या दृष्टीने मोठी सोय. नवं उत्तर नेहमी टोकाला जोडायचं, मधे कुठे घुसवायचं नाही. दोघांनी एकाच क्षणी लिहिलं तरी कोणी कोणाचं पुसत नाही. एकाची जोडणी होईपर्यंत दाराला क्षणभर कडी लावायची, मग दुसऱ्याला आत घ्यायचं. आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीनेही एक परिणाम होतो. सगळे एकाच क्रमाने वाचतात. पाचव्या माणसाला उत्तर द्यायचं असेल, तरी सहा ते अकरा जणांचं ऐकूनच तुम्ही बोलता. हा सभेचा नियम झाला. आपल्याकडे गावच्या बैठकीत म्हातारी माणसं म्हणतात ना, "थांब, आधी सगळ्यांचं ऐक", ते इथे साखळीने करून दाखवलं.

लोकांनी मग काय केलं? तक्रारींसाठी केलेल्या जागेत ते गप्पा मारू लागले. विषय वाढले, एक सूची पुरेना. १९७६ च्या जानेवारीत 'ग्रुप नोट्स' आलं. आता ज्याला हवी त्याला आपल्या विषयाची फणी उघडता येऊ लागली. तिच्याबरोबर आणखी एक यादी आली : कोणाला वाचता येईल, कोणाला लिहिता येईल, कोणाच्या हाती व्यवस्था राहील. आणि व्यवस्था पाहणाऱ्याने मुभा दिली, तर निनावी लिहायचीही सोय. म्हणजे जो शिक्का आधी सक्तीचा होता, तो झाकायचा की नाही हाही आता मांडणीतला एक रकाना झाला.

आता त्याच वर्षी, त्याच ऑगस्ट महिन्यात, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं ते बघू. कॅलिफोर्नियात बर्कली इथे, लिओपोल्ड्स रेकॉर्ड्स नावाच्या तबकड्यांच्या दुकानात, एक टेलिटाइप यंत्र ठेवलं गेलं. ते फोनच्या तारेने सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका मोठ्या संगणकाला जोडलेलं होतं. उपक्रमाचं नाव कम्युनिटी मेमरी. ली फेल्सेनस्टाइन, एफ्रेम लिपकिन, मार्क श्पाकोव्स्की ही त्यामागची मंडळी. दुकानात आलेल्या कोणीही तिथे लिहावं, शोधावं. विद्यापीठाशी संबंध असण्याची गरज नाही.

इथली मांडणी पूर्ण वेगळी. प्रत्येक नोंदीला लिहिणाराच काही सूचक शब्द जोडी. 'जोडा' आणि 'शोधा' अशा दोनच मुख्य आज्ञा. तुम्ही एखादा शब्द दिलात की त्या शब्दाच्या सगळ्या नोंदी समोर येत. ग्रंथालयातल्या विषयवार कार्डांसारखं. नोंद आणि तिचं उत्तर यांच्यात यंत्राच्या लेखी काहीच नातं नाही. कोणीतरी विचारलं, इथे चांगले बेगल कुठे मिळतात? बेगल म्हणजे त्यांच्याकडचा गोल पाव. कोणी दुकानांचे पत्ते दिले, आणि एकाने लिहिलं की मी पूर्वी बेगल करायचो, या, तुम्हाला शिकवतो. ही गोष्ट पुढे बरीच सांगितली गेली, आणि गोड आहेच. पण लक्षात घ्या, हे उत्तर प्रश्नाला सापडलं, कारण दोघांनी एकच शब्द लावला होता. शब्द चुकला असता तर प्रश्न एका खणात आणि उत्तर दुसऱ्या खणात पडून राहिलं असतं. बाजारासाठी ही रचना उत्तम. वादासाठी मात्र अपुरी, कारण वादात 'हे त्याला उत्तर आहे' एवढं तरी नोंदवावं लागतं.

तिसरी मांडणी १९७९-८० मधली. ड्यूक विद्यापीठातले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस, आणि शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले स्टीव्ह बेलोव्हिन, या विद्यार्थ्यांनी यूझनेट सुरू केलं. प्लेटोत एक मध्यवर्ती यंत्र होतं; इथे मध्यच नाही. प्रत्येक विद्यापीठाचं आपलं यंत्र. ती यंत्रं एकमेकांना फोन लावत आणि नवे लेख पुढे देत. बातमी जशी या आळीतून त्या आळीत जाते, तसा लेख पसरे.

मग प्रश्न आला. एकच लेख दोन वाटांनी माझ्याकडे आला, तर तो एकच आहे हे कसं कळणार? यासाठी प्रत्येक लेखाला जगात एकमेव असा ओळखक्रमांक दिला, त्याला मेसेज-आयडी म्हणतात. यंत्र आपल्याकडे आलेल्या क्रमांकांची यादी ठेवतं. क्रमांक आधीच यादीत असला तर लेख परत करतं. आणि एकदा प्रत्येक लेखाला अशी पक्की ओळख मिळाल्यावर एक नवीच गोष्ट शक्य झाली. उत्तराच्या डोक्यावर 'संदर्भ' म्हणून ज्या लेखाला उत्तर दिलं, त्याचा क्रमांक लिहायचा. १९८३ साली मार्क हॉर्टन यांनी लिहिलेल्या प्रमाणपत्रकात, आरएफसी ८५० मध्ये, हा रकाना आहे. उत्तराला उत्तर, त्याला पुन्हा उत्तर. फणीच्या जागी आता झाड आलं.

झाडाचा फायदा उघड आहे. आपल्या परंपरेला तो परिचयाचा आहे. सूत्रावर भाष्य, भाष्यावर वार्तिक, वार्तिकावर टीका; कोणी कोणाचं खंडन करतो आहे हे नेमकं सांगता येतं. नव्वदच्या दशकात परदेशातली मराठी मंडळी 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' या यूझनेटवरच्या गटात रोमन लिपीत मराठी लिहून भांडायची, ती याच झाडाच्या फांद्यांवर बसून.

पण झाडाची किंमतही द्यावी लागली. मध्य नसल्यामुळे उत्तर आधी पोचे आणि प्रश्न मागून येई. शिवाय प्रत्येक यंत्राची डिस्क लहान, म्हणून जुने लेख ठरावीक दिवसांनी पुसले जात, आणि किती दिवसांनी ते ज्याने त्याने ठरवायचं. म्हणजे माझ्या यंत्रावर फांदी आहे, बुंधा नाही. त्यामुळे लोकांना एक सवय लावून घ्यावी लागली : ज्याला उत्तर द्यायचं त्याचं वाक्य आधी उतरवायचं, आणि मग आपलं म्हणायचं. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्ष येत नाही. तिथे ती शिस्त होती, इथे ती अडचणीतून आली. पण दुसऱ्याचं म्हणणं मी उतरवायचं म्हटलं, की त्यातलं सोयीचं तेवढंच उतरवण्याची वाटही उघडी झाली, हेही खरं. प्लेटोवर मूळ नोंद जागच्या जागी असे. कोणी तोडून-मोडून सांगितली, तर वाचणारा चार कळा मागे जाऊन पाहू शकत होता.

आणखी एक छोटी रचना सांगतो, मला ती फार आवडते. यूझनेट वाचणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात 'न्यूजआरसी' नावाची फाइल असे. तिच्यात प्रत्येक गटाचं नाव आणि पुढे आकडे : १ ते १२४३, मग १२५०. म्हणजे इथपर्यंत वाचलं, मधले सहा राहिले, हा एक वाचला. बस, एवढंच. तुम्ही काय वाचलं याची आठवण तुमच्यापाशी. गंमत अशी की हे आकडे त्या एका यंत्रापुरतेच खरे. तोच लेख शेजारच्या यंत्रावर वेगळ्या क्रमांकावर असे. वाचनाची खूण ही खासगी गोष्ट, ती वाचणाऱ्याजवळ राहावी, असंच जणू त्या मांडणीने मानलं होतं. आज आपण काय वाचलं, कुठे थांबलो, याची नोंद कोणाकडे असते, याचा विचार तुम्ही घरी जाऊन करा.

या दोन वाटा पुढे एकत्र आल्या. अर्बानामध्ये नोट्स वापरून मोठे झालेले रे ओझी, टिम हॅल्व्हर्सन, लेन कॉवेल यांनी १९८४ मध्ये एक कंपनी काढली आणि १९८९ मध्ये लोटस नोट्स बाजारात आलं. तुमच्यापैकी काहींनी नोकरीत ते वापरलं असेल. त्यात नोंद-उत्तराचा वारसा प्लेटोचा आहे. पण प्रती अनेक यंत्रांवर असल्यामुळे प्रत्येक नोंदीला एकमेव ओळखक्रमांक, आणि उत्तरात मूळ नोंदीचा क्रमांक.

आता खऱ्या प्लेटोकडे येतो. त्याच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस लेखनाबद्दल एक तक्रार करतो. आशय असा : लिहिलेले शब्द चित्रासारखे असतात, जिवंत वाटतात, पण प्रश्न विचारलात तर गप्प बसतात. शिवाय ते कुणाच्याही हाती पडतात आणि कोणी त्यांच्यावर अन्याय केला, तर बाप जवळ नसल्यामुळे त्यांना स्वतःचा बचाव करता येत नाही.

मी हा संवाद तीस वर्षं वर्गात शिकवला, आणि तक्रार कालातीत आहे असं सांगत आलो. वुलीच्या मांडणीकडे पाहिल्यावर मला ते विधान थोडं मागे घ्यावंसं वाटलं. लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारण्याची जागा त्याच्या लगेच मागे ठेवता येते, ही साखळी. त्याच्या बापाचं नाव त्याच्यापासून तोडता येणार नाही असं बांधता येतं. हा यंत्राचा शिक्का. म्हणजे तक्रारीचे दोन्ही भाग निदान काही अंशी मांडणीने सुटतात. उरतो तो तिसरा, जुनाच प्रश्न. किल्ली कोणाकडे?

कारण यंत्राने लावलेला शिक्का यंत्र सांभाळणारा काढू शकतो. प्लेटोच्या ग्रुप नोट्समध्ये व्यवस्था पाहणारा होताच. यूझनेटवर लेख मागे घेण्याचा एक खास संदेश होता, आणि तो दुसऱ्याच्या नावाने पाठवणं अवघड नव्हतं. मला यातल्या त्यात प्रामाणिक वाटली ती 'द वेल' या १९८५ साली सुरू झालेल्या मंडळाची रीत. तिथे 'स्क्रिबल' नावाची आज्ञा होती. आपलं उत्तर आपण गिरगटून टाकू शकत होतो, पण त्याची जागा रांगेत तशीच राही आणि तिथे दिसे, की इथे काहीतरी होतं, ते खोडलं आहे. माणसाला आपला शब्द मागे घेण्याचा हक्क हवा, आणि बाकीच्यांना तो मागे घेतला गेला हे कळण्याचा. दोन्ही हक्क एका छोट्या रकान्यात बसले.

माझ्या त्या वहीत नेमकं हेच नव्हतं. विरोध खोडला गेला असता आणि खोडलेलं दिसलं असतं, तर कोणीतरी विचारलं असतं. तो कधी लिहिलाच गेला नाही, म्हणून विचारायला जागाच राहिली नाही. चांगली मांडणी असती तर मी धीट झालो असतो, असं म्हणत नाही. सही माझीच आहे, ती वहीच्या माथी मारता येणार नाही. पण मांडणी चांगली असेल तर साध्या माणसाला खरं राहणं थोडं सोपं जातं, एवढं या सतरा वर्षांच्या मुलाच्या कामातून मी शिकलो.

तेव्हा पुढच्या वेळी संस्थेचं, सोसायटीचं, मंडळाचं कामकाज संगणकावर नेताना चार प्रश्न आधी विचारा. नाव कोण लावतं? उत्तर कशाला जोडलं जातं? खोडलेलं दिसतं का? आणि वाचल्याची खूण कोणाकडे राहते? हे विचारायला प्रोग्रामर असावं लागत नाही.